शिसवी पाइप आणि तिसरा अंक

आमच्या ह्यांचा पाइप मेट्रोत राहिला, तिथून हे सगळं सुरू झालं.

ह्यांना तंबाखूचं व्यसन कधीच नव्हतं, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा लगेच नाक मुरडेल. पाइप फक्त नाटकापुरता. दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळात गणेशोत्सवात दरवर्षी नाटक होतं, आणि मंडळातल्याच एका जुन्या सभासदानं लिहून ठेवलेलं एक तीन अंकी नाटक काही वर्षं गेली की पुन्हा बसवलं जातं. त्यात एक निवृत्त न्यायाधीश आहे. तो पाइप ओढतो, घरच्यांना घालूनपाडून बोलतो आणि शेवटी त्याची मुलगी कायमची परदेशी निघते तेव्हा तिच्यापुढे एक लांबलचक भाषण करतो. ती भूमिका ह्यांची. आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हापासून ह्यांचीच. तेव्हा केसांना पावडर फासून म्हातारं व्हावं लागायचं. आता तो खर्च वाचतो.

पाइप ह्यांना एका साहेबांनी निवृत्त होताना दिलेला होता. लाकडी, सरळ दांडीचा, चांगला जड. तंबाखूऐवजी आम्ही त्यात वापरून वाळवलेली चहाची पत्ती भरायचो. हॉलवाले आग लावू देत नाहीत, त्यामुळे काडीही आधीच विझलेली असायची आणि हे ती खोटीखोटी ओढायचे. असा तो पाइप ह्या वर्षीच्या तालमीहून गाझियाबादला घरी परत येताना मेट्रोत सीटवर राहिला. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर जाऊन विचारलं. तिथल्या माणसानं छत्र्या दाखवल्या, डबे दाखवले, पाइप काही नव्हता.

आणि पाइप गेल्यापासून ह्यांचं भाषण अडायला लागलं.

पहिले दोन अंक कसेबसे निभायचे. तिसऱ्या अंकातल्या भाषणात मात्र मधूनच मोठमोठे तुकडे गायब. मुलगी समोर उभी, हे तिच्याकडे बघतायत, ओठ हलतायत आणि आवाज नाही. नाटक बसवणारी मुलगी नोएडात सॉफ्टवेअरमध्ये आहे, जन्म दिल्लीतला, मराठी गोड पण अर्धं हिंदी. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, काकांची लाइन छूटतेय. मी ते भाषण छोटं करू का? दोन वाक्यं ठेवते, बाकी कट." मी म्हटलं, थोडं थांब. ती म्हणाली, "थांबते, पण फार नाही."

आता खरं सांगायचं तर मला नुसत्या भाषणाची काळजी नव्हती. त्याच्या आधी एकदा भाजीवाल्यासमोर उभं राहून ह्यांनी दुधीकडे बोट दाखवलं आणि "वो देना, वो" एवढंच म्हणाले. मराठी शब्दही सापडेना, हिंदीही सापडेना. दुरुस्त झालेल्या नळासाठी प्लंबरला पुन्हा बोलावून आणलं. कुणाचंही असं होतं, माझंही होतं. पण मला ते खुपलं. मी म्हटलं, एकदा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून येऊ. तर माणूस असा भडकला की विचारू नका.

"माझा पाइप हरवलाय," हे म्हणाले, "डोकं नाही. मला तसा पाइप आणून दे आणि मग बघ."

"आणि तसा पाइप असूनही अडलात तर?"

"तर तू नेशील तिकडे येतो."

झालं. करार ठरला. ह्यांना तो वादाचा शेवट वाटला. मला तो प्रयोग वाटला. मी पहाडगंजातल्या मराठी शाळेत निवृत्त होईपर्यंत विज्ञान शिकवलंय. कुणी ठामपणे काही म्हणालं की 'असं आहे का, बघू तर' हा माझा हाडाचा स्वभाव. अडचण पाइपची की डोक्याची? प्रश्न तर छान होता. उत्तराची मात्र मला मनातून धास्ती होती, हेही लिहूनच टाकते.

पहाडगंजच्या गल्ल्या मला पाठ. विदेशी पोरं उतरतात त्या हॉटेलांखाली नाना तऱ्हेच्या पाइपांची दुकानं आहेत. तिथून एक आणला. ह्यांनी हातात घेतला आणि बशीत ठेवला. म्हणाले, "हा पाइप नाही, पिपाणी आहे." बंगळुरूहून मुलगा म्हणाला, आई, ऑनलाइन मागव ना, एवढं काय. मागवला. तो वाकड्या दांडीचा निघाला, त्याचं सगळं वजन हनुवटीवर यायचं. तो तोंडात धरून हे न्यायाधीश कमी आणि दाढदुखीचे पेशंट जास्त दिसायला लागले.

तेव्हा मी विचारलं, "तुमचा होता तो नक्की केवढा होता?"

ह्यांना सांगता येईना. लांबी नाही, रुंदी नाही, काही नाही. पण सांगता सांगता ह्यांनी उजवा हात पुढे केला आणि नसलेला पाइप धरला. बोटं वळली, अंगठा वर आला, मनगट थोडं आत झुकलं. हात तसाच हवेत थांबून राहिला. मी मिनिटभर बघत बसले. मग विणकामाची टेप आणली आणि त्या बोटांच्या आतली मोकळी जागा मोजून घेतली. अंगठ्यापासून तर्जनीपर्यंत किती, तळहातापासून तोंडापर्यंत किती. हे म्हणाले, "शिंप्याकडे आल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, हलू नका.

म्हणजे पाइप कसा होता ते ह्यांना आठवत नव्हतं आणि ह्यांच्या हाताला आठवत होतं. मला त्या क्षणी एवढी मजा वाटली की धास्ती वगैरे विसरूनच गेले. ठरवलं, पाइप आपणच करायचा.

ह्यांच्या भरवशावर राहण्यात अर्थ नव्हता. ह्यांनी जन्मात खिळा ठोकलेला नाही, फायलीवर सह्या ठोकल्या. घरात एक करवत होती, शाळेच्या प्रदर्शनाच्या दिवसांतलं एक हातानं फिरवायचं गिरमिट होतं, एक बोथट कानस आणि लाकूड पकडायचा एक छोटा शिकंजा होता. एवढ्यावर होईल असं मला वाटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

आधी लाकूड. आमच्या सोसायटीत नुकत्याच फांद्या छाटल्या होत्या. विलायती कीकर, आपल्याकडची वेडी बाभूळ. तिला सगळे शिव्या देतात, पण लाकूड दगडासारखं. एक मनगटाएवढा ओंडका ओढत लिफ्टपाशी आणला तर गार्ड म्हणाला, "आंटीजी, गैस खत्म हो गई क्या?" बाल्कनीत ठेवला, उन्हात कडक वाळेल म्हणून खूश झाले. आठवड्याभरात त्याला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी चीर गेली की आरपार दिसावं. ओलं लाकूड सावलीत हळूहळू वाळवायचं असतं, दिल्लीच्या उन्हात भाजायचं नसतं. हे मला पुस्तकात माहीत होतं, बाल्कनीत माहीत नव्हतं.

मग कीर्तीनगरच्या फर्निचरवाल्यांकडे गेले आणि शिसवीचा एक टाकाऊ तुकडा मागून आणला. जुना, सुका, काळसर तपकिरी. विटेच्या निम्म्याएवढा, पण हातात घेतल्यावर वजन कळत होतं. ह्यांच्या हाती दिला. ह्यांनी तो उगाच वरखाली केला आणि म्हणाले, "हं." ह्यांच्याकडून एवढा होकार म्हणजे पुष्कळ.

तुकडा आणला आणि मी आधी काय केलं असेल? कागदावर झकास पाइप काढला, तो लाकडावर उतरवला आणि बाहेरून करवतीनं आकार कापत सुटले. वाटी गोल, दांडी निमुळती. दोन दिवस बाल्कनीत भुसा आणि मी. दिसायला अगदी पाइप. आता फक्त भोकं पाडायची. तर तो गोल, गुळगुळीत तुकडा धरायचा कसा? शिकंज्यात घातला की निसटतो. पाटावर पायानं दाबला की फिरतो. गिरमिट लावलं, दोन वेढे सरळ गेले, तिसऱ्याला पातं घसरलं आणि दांडीच्या बाजूतून बाहेर आलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. हे पेपर वाचत होते. पेपराआडून म्हणाले, "मारुतीला शेपूट बरं जमलंय."

रागानं मी स्वयंपाकघरात जाऊन चहा केला, एकटीचा. चहा पिताना मात्र प्रकाश पडला. लाकूड चौकोनी आहे तोवरच ते घट्ट धरता येतं, सरळ रेघ मारता येते. म्हणजे भोकं आधी पाडायची, आकार नंतर द्यायचा. आत काय आहे ते आधी पक्कं झालं की बाहेरचं कितीही तासा. एवढी साधी गोष्ट, आणि तिच्यासाठी एक अख्खा तुकडा वाया घालवला. पुन्हा कीर्तीनगर. फर्निचरवाला ह्या खेपेला दोन तुकडे देऊन म्हणाला, "एक टूटने के लिए."

दुसऱ्या तुकड्याला मी हात लावला तो आदबीनं. वरून वाटीचं मोठं भोक, पण तळ शाबूत ठेवून. कुठवर जायचं ते कळावं म्हणून पात्याला चिकटपट्टीची खूण. मग बाजूनं, दांडीतून, धुराचं बारीक भोक. ते आत जाऊन बरोबर वाटीच्या तळाशी उघडलं पाहिजे. जरा खाली गेलं तर तळाखालून निघून जाणार, वर गेलं तर वाटीच्या मधोमध निघणार. आणि आत तर काही दिसत नाही. लाकडाच्या बाहेरच्या अंगाला पेन्सिलीची रेघ मारायची आणि त्या रेघेवर विश्वास ठेवून गिरमिट फिरवत राहायचं. दर थोड्या वेढ्यांनी पातं बाहेर काढून भुसा झटकायचा. शिसवीच्या भुशाला गोडसर वास येतो, हे मला ह्या वयात कळलं. फिरवता फिरवता मनगटं भरून आली. आणि मग एका वेढ्याला हाताला एकदम हलकं लागलं. पातं मोकळ्या जागेत गेलं होतं.

मी भोकाला तोंड लावून फुंकर मारली. वाटीतून भुशाचा लोट उडाला आणि माझ्या चष्म्यावर बसला. इतका आनंद झाला की तशीच आत गेले आणि ह्यांच्या गालावर पाइपमधून वारा सोडला. हे दचकले, मग हसले. किती तरी दिवसांनी असे मनापासून हसले असतील.

तोंडात धरायच्या टोकासाठी नर्सरीतली बांबूची काठी घेतली, रोपाला आधाराला लावतात ती. बांबूच्या पेरात पडदा असतो, वारा जात नाही. तो जाळून काढायला स्वेटर विणायची लोखंडी सुई गॅसवर लाल केली आणि आत घातली. घरभर धूर. हे धावत आले, "काय जळतंय?" म्हणाले, मग सुई बघून तिथेच स्टुलावर बसले आणि पुढची अख्खी दुपार बसून राहिले. सुई लाल झाली की "झाली" म्हणायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. नंतर कानशीनं आकार, पॉलिश पेपरनं गुळगुळीत, आणि वरून जवसाचं तेल. तेल लागल्यावर शिसवीतून काळ्या रेषा अशा वर आल्या की मी दिव्याखाली धरून कितीतरी वेळ बघत बसले. पाइप काही दुकानातल्यासारखा नव्हता. एक बाजू किंचित जाड राहिली होती. पण ह्यांनी हात पुढे केला, बोटं वळली, आणि ह्या वेळी त्या बोटांत काहीतरी होतं.

आता खरा प्रयोग. हे बाल्कनीजवळच्या खुर्चीत बसले, चहाची पत्ती भरायला लागले आणि भाषण सुरू केलं. आवाज उतरला, खर्जात गेला. अंगठ्यानं पत्ती दाबता दाबता वाक्यं येत होती, एकामागून एक, जिथल्या तिथे. मग एका जागी दोन वाक्यं गेली. अडखळले नाहीत, थांबले नाहीत, त्यांच्यावरून सरळ पुढे काडी ओढायच्या जागेपर्यंत आले. पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तीच दोन वाक्यं गायब: "हे घर बांधलं तेव्हा गिलावा ओला होता. तुझ्या हाताचा ठसा अजून जिन्याखाली आहे."

तीच दोन का? मी खुर्चीसमोर जमिनीवर बसून फक्त हाताकडे बघायला लागले. पत्ती घालायची, दाबायची, बोलायचं. पुन्हा घालायची, दाबायची, बोलायचं. असं करत वाटी भरली की काडी. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वाटी उथळ होती. जुन्या पाइपात आणखी एकदा दाबायला जागा असणार. इथे अंगठा लवकर वर आला, हाताला वाटलं भरलं, हात काडीकडे गेला आणि त्या शेवटच्या दाबण्यातली दोन वाक्यं राहून गेली.

ह्यांना काही न सांगता मी उठले. पाइप घेतला आणि थोड्याशा कसरतीनं वाटी तळाकडे आणखी खोल केली, धुराचं भोक सांभाळून. संध्याकाळी पुन्हा दिला. हे बोलत होते, दाबत होते, आणि त्या जागी आले. अंगठा आणखी एकदा खाली गेला. "हे घर बांधलं तेव्हा गिलावा ओला होता," हे म्हणाले.

पुढे एका जागी तेच वाक्य दोनदा यायचं. तिथे पाइप ओढायचा होता. बांबूत जळालेला कण अडकला होता, वारा नीट येत नव्हता, म्हणून हे दोनदा ओढत होते आणि दोनदा बोलत होते. सुई फिरवली, भोक साफ झालं, वाक्य एकदाच आलं. मी मुलाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, म्हणजे बाबा ठीक आहेत ना?" मी म्हटलं, अरे वाटीची खोली वाढवली की वाक्यं परत येतात, आहेस कुठे. आणि फोन ठेवल्यावर माझं मलाच ऐकू आलं, मी काय बोलले ते. भाषण ह्यांच्या डोक्यात नव्हतं. ते लाकडात होतं, आणि मी ते कानशीनं कमीजास्त करत होते. मला भीती वाटली, फार वाटली. सिंकपाशी उभी राहून उगाच घासलेली भांडी पुन्हा घासली.

जन्मभर मी मुलांना सांगत आले की एकाच बाजूनं केलेला प्रयोग हा प्रयोग नव्हे. औषध दिलेलं झाड बघितलं तर न दिलेलंही बघा. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, "एकदा पाइपाशिवाय म्हणता?"

"पाइपाशिवाय न्यायाधीश कसला?" हे म्हणाले, आणि पाइप खिशात घालून फिरायला गेले. मी पुन्हा विचारलं नाही. नको होतं मलाही.

तालमीला सगळे चकित. आमची तालीम आर. के. पुरमच्या एका क्वार्टरमध्ये व्हायची, सोफा, कूलर आणि घरवाल्यांच्या सायकलींच्या मधल्या जागेत. भाषण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पार पडलं. दिग्दर्शिकेनं ह्यांना मिठी मारली, "काका, बिल्कुल कट नाही करणार," म्हणाली. हे माझ्याकडे बघून भुवई उडवून मोकळे. पैज जिंकली होती ना.

आता आपल्या लोकांच्या तालमी कशा असतात ते माहीत असेल. चहा प्यायला असं समजा, ट्रंक उचलली असं समजा. भाषणाच्या मध्यावर मुलगी वडिलांना वाकून नमस्कार करते आणि मग ते उरलेलं बोलतात. मुलीचं काम करणारी पोर ऑफिसातून थेट यायची, जीन्समध्ये, खांद्याला लॅपटॉप. "नमस्कार, नमस्कार" असं तोंडानं म्हणायची आणि उभी राहायची. सोफ्यामुळे वाकायला जागाही नव्हती. प्रत्येक तालमीत तसंच झालं. मी तिथे बसून होते, कुणाच्याच काही लक्षात आलं नाही.

प्रयोग रविवारी चार वाजता होता. हॉल भरलेला, मोदकांचा वास पार स्टेजपर्यंत. सामान सांभाळायचं काम माझं, म्हणून मी विंगेत. पहिला अंक छान गेला, दुसरा त्याहून. तिसऱ्यात हे पाइप घेऊन बसले आणि मी माझ्याही नकळत अंगठा दाबत होते, ह्यांच्याबरोबर. घर झालं, गिलावा झाला, जिन्याखालचा ठसा झाला. मग मुलगी पुढे आली. नऊवारी नेसली होती, केसात गजरा. आणि ती खरोखर वाकली. पायांवर डोकं ठेवलं.

हे आयुष्यात कुणाला एका हातानं आशीर्वाद देणारे नव्हेत, आणि पाइप हातात धरून तर नाहीच. ह्यांनी शांतपणे पाइप मागे टीपॉयवर ठेवला, दोन्ही हातांनी तिला उठवलं, खांद्याला धरून समोर उभं केलं. कुणीही चांगला माणूस करेल तेच केलं. आणि मग बोलायला तोंड उघडलं.

काही नाही. ओठ हलले. हात रिकामे, तिच्या खांद्यांवर. टीपॉय पाठीमागे, ह्यांना दिसत नव्हता. समोरच्या विंगेतून एकानं पुढचं वाक्य सांगितलं, मग मोठ्यानं सांगितलं. हे ऐकत होते असं वाटेना. माझ्या हाताच्या अंतरावर तो टीपॉय नव्हता, असता तर मी पाइप उचलून सरळ ह्यांच्या हातात दिला असता. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं.

मग हे बोलले. न्यायाधीशाच्या आवाजात नाही, आपल्या आवाजात.

"पुढचं मला आठवत नाही गं, बाळ," हे म्हणाले. "फार चांगलं काहीतरी सांगायचं होतं. आत्तापर्यंत माझ्यापाशी होतं." तिच्या खांद्यावरचे हात काढून घेतले. "तू माझ्यासाठी खोळंबू नकोस. मी बसतो इथं आठवत. तू नीघ."

ती पोर खरीच रडायला लागली. रडत रडत बॅग उचलून गेली. हे खुर्चीत बसले. पडदा पडेपर्यंत तसेच बसून होते आणि बाहेर टाळ्या थांबत नव्हत्या.

नंतर जो तो येऊन हात धरत होता. शेवट नवा लिहिला का? कुणी लिहिला? इतकी वर्षं हे नाटक बघतोय, असा शेवट कधी झाला नव्हता. दिग्दर्शिका माझ्या गळ्यात पडून म्हणत होती, काकू, काकांनी कमाल केली यार. हे सगळ्यांना हसून नमस्कार करत होते. मोदक खाल्ला. फोटो काढले. ह्यांना काय झालं ते कळलंय की नाही, हे मला चेहऱ्यावरून कळेना.

टॅक्सीत बसलो. टॅक्सी पुलावर आली. उजेड अजून होता, खाली यमुनेचं काळं पाणी दिसत होतं.

"शेवटी मी काय बोललो?" ह्यांनी विचारलं.

मी शब्द न् शब्द सांगितला. हे खिडकीबाहेर बघत ऐकत होते.

"वाईट नव्हतं," म्हणाले.

"नव्हतं."

गाझियाबादची पाटी मागे गेली. मग ह्यांनी माझा हात हातात घेतला. टॅक्सीवाल्यासमोर हे असं कधी करत नाहीत.

"त्या डॉक्टरांकडे उद्याचीच वेळ घे," हे म्हणाले. "आणि एक कर. जे काही निघेल ते त्यांना मलाच सांगायला लाव. तुला बाहेर नेऊन नाही. मला समजतंय, तोवर."

मी हो म्हटलं.